सातवीच्या तेवीस मुली

"अजून वाक. हात लोंबू दे. गुडघे ताठ."

व्यायामाच्या शिक्षिका नोल्फाबाईंनी मुलीच्या मणक्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"बाई, पाठ आहे ती माझी, बटाट्याचं शेत नाही!" मुलगी खालूनच म्हणाली. रांगेतल्या मुली खिदळल्या.

आरोग्य केंद्राची नर्स तपासणीचा तक्ता धरून घड्याळाकडे बघत होती. "अहो, एकेकीला इतका वेळ? मला ओहोटीच्या आधी पलीकडच्या बेटावर पोचायचंय."

"लागू दे वेळ," नोल्फाबाई म्हणाल्या. "पुढची ये गं."

शाळेच्या स्वयंपाकघराचं दार व्यायामशाळेतच उघडायचं. त्या दारात एदेलमिरा ओल्या हाताने उभी होती. मुलांचं दुपारचं जेवण रांधण्याचं काम तिच्याकडे होतं.

"नीट बघा हो बाई," ती म्हणाली. "यांच्याही आया पोती उचलायला लावत असतील. मी लावली माझ्या रोसाल्बाला, समुद्रशेवाळाची ओली पोती. पोरीची पाठ मीच घालवली."

एवढं बोलून ती मसुरीला फोडणी द्यायला आत गेली. नोल्फाबाईंचं बोट मणक्यावर तिथंच थांबलं.

सात वर्षांपूर्वी ह्याच तपासणीच्या दिवशी समुद्र खवळला होता आणि नर्सची होडी आलीच नाही. तपासणी बाईंनी करायची आणि तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचा, असा निरोप होता. पण त्याच सकाळी बेटांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. बाईंनी मुलींना सरळ सरावाला पिटाळलं, शिक्षकांच्या खोलीत माते नावाचा कडवट पाल्याचा चहा पीत बसल्या आणि रोसाल्बाच्या वर्गातल्या तेवीस नावांपुढे तेवीस खुणा केल्या. पाठ सरळ. पाठ सरळ. चहाचा तो एक पेला संपायच्या आत काम झालं.

सामना जिंकला तो रोसाल्बाच्या जोरावर. तिची जर्सी एका खांद्यावरून सारखी घसरायची. "खांदा खाली घे गं, फोटो काढतायत का तुझा?" असं बाई मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या होत्या आणि सगळे हसले होते. रोसाल्बाही हसली होती.

सोळाव्या वर्षी फ्रॉकचं माप घेताना आईला तिच्या मणक्यातला बाक दिसला. तोवर पाठीला आधाराचा पट्टा लावून तो थोपवायचं वय निघून गेलं होतं. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, पाठीत सळया बसल्या, खेळ सुटला. आता ती पलीकडच्या गावात औषधांच्या दुकानात कामाला होती.

मुलं जेवून गेली. नोल्फाबाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"एदेलमिरा, पोत्यांनी मणका तसा वळत नाही."

"डॉक्टरही तेच म्हणाले. आईला बरं वाटावं म्हणून बोलतात तसं."

"नाही गं. खरंच. वाढीच्या वयात तो आपोआप वळतो. लवकर दिसला तर पट्टा लावून थोपवता येतो. आणि तो बघायचं काम माझं होतं. मी बघितलंच नाही. नुसत्या खुणा केल्या."

एदेलमिरा पातेलं घासायची थांबली. "एकीचीही पाठ बघितली नाहीत?"

"एकीचीही नाही."

तिने पातेलं नळाच्या धारेखाली ठेवलं.

"तीन वर्षं तिचा बाप मला ऐकवतोय," ती म्हणाली. "जेवताना, झोपताना. आणि तुम्ही रोज माझ्याच हातचं जेवत होतात."

तिने नळ बंद केला.

"माझी माफी-बिफी मागू नका. पोरीला सांगा. चारच्या होडीने येतेय ती."

चारची होडी साडेचारला लागली. रोसाल्बा उतरली. मान न वळवता तिने सगळं अंगच वळवलं.

"बाई! कोणाला न्यायला आलात?"

"तुझीच वाट बघत होते."

धक्क्यावर उभ्या-उभ्याच त्यांनी सांगितलं. सामन्याचं कारण ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

रोसाल्बा पाण्याकडे बघत ऐकत होती. "मला आठवतो तो दिवस," ती म्हणाली. "तपासणी नाही असं कळल्यावर आम्ही सगळ्या नाचलो. सगळ्यांसमोर शर्ट काढायला नको ना! सगळ्यात जास्त मी नाचले. आरशात मला दिसत होतं, बाई. मीच लपवलं."

"बारा वर्षांची होतीस तू. मुली लपवतात म्हणूनच तर बघायचं असतं."

रोसाल्बा सगळ्या अंगाने बाईंकडे वळली. "आईला सांगितलंत?"

"दुपारी."

"पोत्यांचंही?"

"तेही."

"मग जाऊ द्या मला. वाट बघत असेल ती."

बाईंनी तिच्या पिशवीसाठी हात पुढे केला. "राहू दे," रोसाल्बा म्हणाली आणि चढाला लागली.

वरून एदेलमिरा अंगातला एप्रन तसाच ठेवून घाईघाईने उतरत होती. अर्ध्या वाटेत दोघी भेटल्या. काय बोलल्या ते खाली ऐकू आलं नाही. आईने पिशवी ओढली, लेकीने सोडली नाही. शेवटी दोघींनी एकेक बंद धरला आणि सावकाश वर चालू लागल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाईंनीही हाक मारली नाही.