गवतातला बंगला

शेणव्याच्या पुढे पागेची टेकडी आहे. तिच्यावर पागा नाही, आणि पागा ज्याच्यासाठी बांधली तो बंगलाही नाही. कुणा इंग्रज साहेबाने उन्हाळ्यात राहायला तो बांधला होता म्हणतात. साहेब गेला, मग कौलं उतरली, सागवानी वासे उतरले, आणि शेवटी गावाने जोत्याचे दगडही डोक्यावरून खाली आणून ओटे बांधले. उरला तो जमिनीतला पाया. पाऊस सरला की त्या दगडांवरचं गवत आधी वाळतं, आणि हिरव्या माळावर पिवळ्या रेघांनी अख्खा बंगला उमटतो.

भावनाचे बाबा, कुंडलिक, तिला दरवर्षी तो दाखवायला न्यायचे. "ही आपली ओसरी," म्हणायचे, आणि वाऱ्यात मांडी घालून बसायचे.

श्रावणात ते गेले. अश्विन सरताना भावना कल्याणहून एकटीच टेकडी चढून आली, तर त्यांची थोरली बहीण सकुबाई विळा घेऊन गवताची पात धरून बसलेली. अर्धा बंगला कापून झाला होता.

"आत्ये, ओसरी तेवढी ठेव."

"का गो? वणव्यानं खाल्लं मंग गुरांना काय, तुझी पुस्तकां घालू?"

"बाबा तिथे बसायचे."

आत्याने वळून पाहिलं आणि ती खुदकन हसली. "ती ओसरी? लबाड मेला! ल्हानपणी मला पागा सांगायचा ती. मी घोडं, नि तो साहेब. दाव्यानं बांधून ठेवायचा मला."

"मग ओसरी कुठे होती?"

"कोणाला ठाव? आमी काय बघितला बंगला?"

भावना त्या चौकोनात जाऊन बसली. गवत कानापर्यंत आलं. डोळे मिटल्यावर भिंती हलकेच वर आल्या, कौलांची सावली पडली, कुठेतरी घोड्याने फुरफुर केली, आणि साहेबाच्या ऐटीत एक पोरगा आत आला. त्याला ती कधीच भेटली नव्हती. श्रावणानंतर पहिल्यांदाच तिला हसू आलं, आणि त्यातच डोळे भरले.

बऱ्याच वेळाने ती उठली. "दे विळा."

"हात कापशील गो."

"कापू दे."

पिवळं नि हिरवं एकाच मुठीत येत गेलं. उन्हं कलली तेव्हा माळ सगळा सारखा झाला होता. बाबा कुठे बसायचे, ते आता तिलाही सांगता आलं नसतं. तिने भारा आवळला, खाली बसली आणि मान ताठ केली.

"आत्ये, डोईवर दे."