स्वेटरची सुलट बाजू

वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत भाऊंच्या नावापुढे दोन फुल्या आधीच होत्या. तिसरी पडली ती धाकट्या बहिणीने विणलेल्या स्वेटरमुळे.

तीन फुल्या झाल्या की डॉक्टर तपासायला येत आणि बहुतेक वेळा माणूस वरच्या मजल्यावर जाई. त्या मजल्याचं दार फक्त बाहेरून उघडायचं. ज्यांना कशाचंच भान उरलेलं नाही अशी माणसं तिथे ठेवत. नातेवाइकांची भेट महिन्यातून एकदा, तीही अर्धा तास. खाली मात्र धाकटी दर मंगळवारी आणि शनिवारी येऊन दुपारभर भावाजवळ बसत असे.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे. एकेचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. कागदोपत्री नाव वेगळं, पण छापखान्यात सगळे भाऊ म्हणत, तेच घरातही चिकटलं. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. आज वार कोणता, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले, ही पहिली फुली. दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगातला स्वेटर त्यांनी ओढून काढला, ही दुसरी. तो स्वेटर भाऊंचाच होता, धुलाईत अदलाबदल झालेली; पण नोंदवहीत 'अंगावर धावून गेले' एवढंच आलं.

म्हणून धाकटीने नवा स्वेटर विणायला घेतला. राखाडी लोकर, आणि छातीवर पांढरा, वीतभर 'भ'.

"एवढा मोठा?" भाऊंच्या सुनेने विचारलं. "आत्या, बाबा काय फुटबॉल खेळायला चाललेत?"

"धुलाईवाल्याला लांबून दिसायला हवा. आणि तुझ्या सासऱ्याला शोभेल. लग्नातसुद्धा मळकट सदरा घालून उभा राहिलेला माणूस आहे तो."

धाकटीने चौकटीच्या कागदावर अक्षर काढलं, एक चौकोन म्हणजे एक टाका. 'भ'च्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटते, तिथे दोन टाके राखाडी सोडायचे, नाहीतर 'भ'चा 'म' होतो. मागचे धागे तिने इतके आवरून घेतले की आतल्या बाजूनेही अक्षर स्वच्छ दिसावं, फक्त आरशातल्यासारखं. हात देवाने दिला होता तिला. बोलणं थांबत नसे आणि टाका चुकत नसे. पण कौतुक पुरे, मूळ पदावर येऊ.

स्वेटर अंगात चढला. भाऊंनी मान खाली घालून छातीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने, दहा मिनिटं झटापट करून, तो काढला, आतली बाजू बाहेर केली आणि पुन्हा घातला. सिस्टरने सुलटा करून दिला. त्यांनी पुन्हा उलटा केला. असं चार दिवस चाललं, आणि पाचव्या दिवशी नोंद झाली: कपडे उलटे घालतात, सांगूनही कळत नाही. डॉक्टर शनिवारी येणार होते.

"मी मुद्दाम नाही लिहिलं हो," सिस्टर मंगळवारी धाकटीला म्हणाली. "दिसतं ते लिहावं लागतं."

"तुम्हाला कोण बोलतंय? दोष माझ्या लोकरीचा."

धाकटी भावासमोर बसली. भाऊंची हनुवटी छातीला टेकलेली, डावं बोट अक्षरावरून हळूहळू फिरत होतं. रेघेपाशी आलं, तुटल्या जागी थांबलं, पुढे गेलं.

"भाऊ, उलटं आहे ते."

भाऊंनी मान हलवली. नाही.

ती उठून त्यांच्या खुर्चीमागे गेली आणि त्यांच्या खांद्यावरून, ते बघत होते तसं, वरून खाली बघितलं. मग तिथेच उभी राहिली. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, आणि जुळवणारा ते डोकं खाली, पाय वर असंच वाचतो. लहानपणी छापखान्यात डबा द्यायला गेली की भाऊ तिला हातातल्या ओळी तशाच वाचायला लावत. तिला कधी जमलं नाही. आत्ता छातीवर तोच 'भ' होता, अगदी खिळ्यावर असतो तसा. भाऊंनी स्वेटर उलटा घातला नव्हता. एकेचाळीस वर्षं जी बाजू सुलट होती, तीच बाहेर ठेवली होती.

हे तिने सुनेला सांगितलं. सुनेला पटलं. "पण डॉक्टरांना नुसतं सांगून चालायचं नाही, आत्या. ते म्हणतील, माया बोलतेय."

त्यावर धाकटीने चार दिवसांत दोन पट्ट्या विणल्या. एकीवर 'वर', दुसरीवर 'खाली'.

शनिवारी डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते, पण ऐकून घेतलं. धाकटीने टेबलावर दोन्ही पट्ट्या मागची बाजू वर करून, अक्षरांची डोकी भाऊंकडे येतील अशा ठेवल्या.

"मला तर काहीच वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही वाचायचं नाहीच आहे. त्याला विचारा, कुठे राहायचं."

डॉक्टरांनी विचारलं. भाऊंनी पहिली, 'वर'ची पट्टी पाहिली आणि कोपराने टेबलावरून खाली ढकलली. दुसरी बराच वेळ पाहिली. कपाळाला आठ्या पडल्या. मग तीही उचलून धाकटीच्या अंगावर टाकली.

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं.

"नकोय त्यांना," सिस्टर हळूच म्हणाली. "दोन्ही नकोत."

धाकटीने पट्टी पुन्हा ठेवली. "भाऊ, नीट बघ रे. तुला राहायचंय ना इथे?"

भाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं छापखान्यातल्या नव्या पोरांकडे पाहत असतील. बोट शेवटच्या अक्षराच्या अलीकडे टेकवलं, उचललं, पलीकडे नेऊन टेबलावर दोनदा आपटलं. पुन्हा अलीकडे. पुन्हा पलीकडे, टक टक.

सुनेने पट्टी उलटून पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "आत्या, तुम्ही 'खालि' विणलंय. पहिली वेलांटी."

"मग?"

"दुसरी पाहिजे. वेलांटी 'ल'च्या पलीकडे जाते. तेच सांगतायत ते."

डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली. वाचली. "मीसुद्धा असंच लिहिलं असतं," ते म्हणाले.

"मग तुमच्याही चुका काढल्या असत्या त्याने," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "माझी पत्रं लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचा हा मेला. लग्न झाल्यावरसुद्धा."

डॉक्टरांनी नोंदवही मागवली. तिसरी फुली खोडून शेजारी सही केली. थोडं थांबून पहिलीही खोडली. "वार विचारू नका यांना," ते सिस्टरला म्हणाले. "कागद द्या आणि पेन्सिल. डाव्या हातात. आणि स्वेटर घालतील तसा घालू द्या." दुसऱ्या फुलीबद्दल धाकटीने तोंड उघडलं, पण सुनेने तिला कोपराने ढोसलं. डॉक्टर पुढच्या खोलीत गेले.

चहाची घंटा झाली. भाऊ उठले नाहीत. पट्टी त्यांनी धाकटीच्या मांडीवर सरकवली आणि हात मागे घेतला नाही.

"अरे, झालं ना काम? आता कशाला?"

भाऊ वाट बघत बसले.

धाकटीने पिशवीतून सुया काढल्या, चष्मा नाकावर खाली ओढला आणि शेवटचं अक्षर उसवायला लागली. सून तिघांचा चहा तिथेच घेऊन आली.