लिफ्टमधला आवाज

“सावकाश उतरा,” लिफ्ट म्हणाली.

“हो रे बाळा,” म्हणत सासूबाई डबा सांभाळत बाहेर पडल्या.

डबा हे नुसतं निमित्त. सून काही उपाशी मरत नव्हती. तिच्या ऑफिसात खाली कॅन्टीन होतं. पण लिफ्टचा प्रोग्राम सासूबाईंच्या मुलाने लिहिला होता, आणि ठरलेला निवेदक ऐनवेळी आला नाही म्हणून आवाजही त्यानेच दिला होता. माणूस गेला, आवाज मात्र रोज कामावर हजर. सुनेला तो ऐकवत नसे. ती जिन्याने चढायची.

आता नवऱ्याचा तो जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर हलवायचं काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं.

“आवाज राहील ना गं त्याचा?”

“राहील हो, आई. मी आहे ना.”

तिने एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. चालू प्रोग्राममधल्या प्रत्येक वस्तूला तो विचारी : तुझ्यात गुणधर्म कोणते, आणि प्रत्येकाचा प्रकार कोणता? मजला : संख्या. आवाज : ध्वनी. ओळखीचा प्रकार पुढे, अनोळखी बाद. चाचणी तिने स्वतः रचलेल्या खोट्या लिफ्टवर घेतली. खऱ्या लिफ्टवर घेतली असती तर तो आवाज ऐकावा लागला असता.

शनिवारी सगळं हलवलं, जुनं यंत्र पुसून टाकलं. सोमवारी नोंदी पाहताना तिला दिसलं : आवाज बाद. नवऱ्याने आवाजाचा प्रकार लिहिला होता ‘काहीही’. घाईचा माणूस, घरीसुद्धा मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवायचा. तिच्या तपासनीसाने बरणीवरची चिठ्ठी तेवढी वाचली, झाकण उघडून पाहिलंच नाही. उघडून पाहणं हे प्रोग्राममध्ये एका ओळीचं तर काम होतं.

दुपारी ती लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं. सासूबाई आतच थांबल्या होत्या, कान देऊन.

“आज बोलला नाही गं. घसा बसला असेल.”

“आई, माझ्याच हातून तो...”

सासूबाईंनी हात पुढे केला. “डबा धर आधी. गार होतोय.”

दार मिटू लागलं. सुनेने मध्ये हात घातला.

सासूबाईंनी एकदा वर पाहिलं, जपून पाऊल बाहेर टाकलं आणि हळूच म्हणाल्या, “हो रे बाळा.”