मुंगीची झुलपं

सलूनच्या मालकाच्या मुलीचे केस डोळ्यांवर येतात म्हटल्यावर गिऱ्हाइकं गप्प बसतील होय? "मालक, आधी घरचं डोकं उरका, मग आमचं बघा," असं कुणी ना कुणी म्हणायचंच. तो हसायचा. अशा वेळी हसायचं असतं, हे त्याला पाठ होतं.

त्याला बरंच काही पाठ होतं. "बेताचे करू की बारीक?" "हवा काय म्हणते?" "घरी सगळं ठीक?" खुर्चीमागे उभा राहिला की ही वाक्यं त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर पडत, आणि लोक म्हणत, काय गप्पिष्ट माणूस आहे! दुकानाबाहेर तोच माणूस भेटला, तर मात्र दातखीळ बसल्यासारखा उभा राही. ही वाक्यं त्याची स्वतःची नव्हतीच. वडील याच दुकानात कात्री चालवायचे, त्यांच्या मागे उभं राहून तो ती वाक्यं शिकला होता.

त्याची पाच वर्षांची मुलगी नेहमी भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. ती बोलायला शिकली तीही दुकानातच. तिचं बोलणं-वागणं तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे एक बाहुली ठेवली आणि विचारलं, "ही का बरं रडतेय?" मुंगीने बाहुलीची मान कलती केली आणि गंभीरपणे विचारलं, "बेताचे करू की बारीक?"

डॉक्टरीणबाई हसल्या, बायको हसली. तो मात्र हसायचं विसरला.

ऑटिझमच निघाला. "तुम्हाला मी नव्याने काय सांगणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या आग्रहाने तो त्यांच्याकडे आला होता, तेव्हा त्याच्याबद्दलही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्या दिवशी तो पोटभर जेवून शांत झोपला होता. आईला मात्र त्याने अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

या वेळी त्याने भरदुपारी दुकान बंद केलं आणि झाडलेलीच फरशी पुन्हा पुन्हा झाडत बसला.

"अरे, तुझं कळलं तेव्हा म्हणालास, डोक्यावरचं ओझं उतरलं," बायको म्हणाली. "मग आता काय झालं?"

"माझं सगळं होऊन गेलं होतं गं. हिचं अजून व्हायचंय."

काय व्हायचंय, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लहानपणी वडील कात्री घेऊन यायचे आणि आई त्याचं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरायची. कानाजवळची ती कचकच थेट मेंदूत शिरायची. तो किंचाळायचा. रडका, हट्टी, शेफारलेला, सगळी विशेषणं लावून झाली. मग एकदा तो दगडासारखा बसायला शिकला, आणि सगळे म्हणाले, शहाणा झाला पोरगा! तो नुसताच दगड झाला होता. मुंगीनेही असंच शहाणं व्हायचं का, या विचाराने त्याची झोप उडाली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आजीने पदर खोचला. "या झिपऱ्या घेऊन पोर शाळेत जाणार? लोक आपल्याला हसतील. चल दुकानात. मी धरते, तू काप. तुला नाही का धरायचे?"

आणि कमाल म्हणजे तो तयार झाला. मुलं हिला चिडवतील, एकदाचं उरकलेलं बरं, अशी त्याने मनाची समजूत घातली. भीती माणसाला काय काय पटवून देते!

दुकान बंद होतं. खुर्चीत मुंगी आणि तिच्या डोक्यावर आजीचे हात. बायको दाराशी उभी होती, तिला हे मुळीच पसंत नव्हतं. त्याने कात्री उचलली. मुंगी रडली नाही. ती ताठ झाली आणि बारीक आवाजात म्हणू लागली, "हवा काय म्हणते? घरी सगळं ठीक? हवा काय म्हणते? घरी सगळं ठीक?"

त्याने कात्री खाली ठेवली.

"आई, सोड तिला."

"अरे, ती रडतसुद्धा नाहीये!"

"मी तरी नंतर कुठे रडायचो? दुखायचं तेव्हाही."

"केस कापताना कसलं दुखतंय? केसांत काय जीव असतो?"

"आवाज दुखायचा. तू धरायचीस ते दुखायचं." त्याने एका दमात सांगून टाकलं. "हिला जे आहे ना, ते मलाही आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय."

आजीची जीभ म्हणजे वस्तरा. आता ती आपली बिनपाण्याने करणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण आजी बाकावर जाऊन बसली आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली.

"मग सांगायचंस की रे."

"रडून सांगत होतो, आई."

आजीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला वाटायचं, पोरगा हट्टी आहे," आजी म्हणाली. "आणि आता दिवसभर तीच कचकच ऐकतोस. अजून दुखतं?"

"कात्री माझ्या हातात असली की नाही दुखत."

आजी गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिने खणातून बोथट टोकांची लहान कात्री काढली, पाती आपल्या हातात धरली आणि कड्यांची बाजू नातीपुढे केली. "घे बाई. तूच काप."

"आई, बोट कापेल तिचं!" बायको ओरडली.

"आपण आहोत ना बघायला. पण हात कुणी लावायचा नाही."

मुंगीने कात्री घेतली. हवेतच कचकच केली. जरा लांब, मग कानाजवळ, मग पुन्हा लांब. कुणी घाई केली नाही. मग तिने कपाळावरची बट ओढली आणि कापली. मग आणखी एक. झुलपं एकीकडे भुवईपर्यंत, दुसरीकडे जेमतेम बोटभर, आणि मधे उंदराने कुरतडल्यासारखी! बापाचे हात शिवशिवले. एक हात फिरवला असता तर सगळं सरळ झालं असतं. त्याने हात पाठीमागे बांधले. मुलीचे दोन्ही डोळे त्याला कितीतरी दिवसांनी एकदम दिसले. ती त्याच्याकडे बघत नव्हती, कात्रीकडे बघत होती. त्यालाही ते सोयीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात शिक्षिका हसत म्हणाल्या, "अगंबाई! कुणी कापले गं तुझे केस?"

त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं, गिऱ्हाइकांना देतो तसलं गुळगुळीत. त्याने ते गिळलं. मुंगी भिंतीला चिकटून उभी होती. मागची दोन मुलं आत गेली तरी तिचं उत्तर येईना. शिक्षिका थांबल्या. तोही थांबला.

"मी कापले," मुंगी भिंतीला म्हणाली. "आजीनं धरलं नाही."

हे वाक्य त्याने तिला शिकवलं नव्हतं. दुकानात ते कधी कुणी बोललंही नव्हतं. सगळ्यांच्या देखत त्याचे डोळे भरून आले, आणि अशा वेळी काय म्हणायचं असतं हे त्याला पाठ नव्हतं.