शंभूची हजेरी

आमच्या धायरीच्या बालवाडीला ‘बालवाडी’ म्हटलेलं आमच्या संचालिका नम्रताबाईंना चालत नसे. प्ले-स्कूल म्हणायचं. त्यात प्ले कुठे आहे, ते मात्र विचारायचं नाही. दोन हजार तीन साल होतं. निम्मी मुलं नव्या सोसायट्यांतल्या कॉम्प्युटरवाल्यांची, निम्मी जमिनी विकलेल्या गावकऱ्यांची, आणि हजेरीला सगळ्यांनी म्हणायचं, “प्रेझेंट, मिस.”

शंभू म्हणत नसे. जूनपासून तो वर्गात एक शब्द बोलला नव्हता. शेवटी नम्रताबाईंनी ठरवलं, शुक्रवारी त्या स्वतः येऊन बघणार, आणि तरीही त्याने तोंड उघडलं नाही तर नाव काढून टाकणार. त्याची आई, कौशल्या, रोज मला विचारायची, बोलला का. नाही म्हणताना माझा जीव तुटायचा.

बुधवारी मी आकार शिकवायला घेतले. त्रिकोण कोणालाच नको होता. सोसायटीतल्या ऋषीने चादरीचं घर केलं होतं आणि शंभू आत जाऊन बसला होता. ऋषीने बाहेरून विचारलं, “शंभू आहे का?”

आतून आवाज आला, “हाय.”

शंभूच्या घरी ‘हाय’ म्हणजे आहे. ऋषीच्या घरी हाय म्हणजे इंग्रजी हाय. त्याने लगेच हात हलवला, “हाय!” शंभूला ते भलतंच आवडलं. चादर बाजूला करून त्यानेही हात हलवला. बघता बघता वर्गाचा खेळ झाला. जे आहे त्याला हात हलवून हाय, जे नाही त्याला बाय. खिडकी? हाय. हत्ती? बाय. मी त्रिकोण गुंडाळला आणि मुकाट्याने त्यांच्या मागून अंगणात गेले. म्हैस हाय का, तिला शिंगं हायेत का, सगळं शंभूच विचारत होता. मला रडू आवरेना.

शुक्रवारी नम्रताबाई आल्या. मी शंभूचं नाव पुकारलं. “हाय,” तो म्हणाला, आणि अख्ख्या वर्गाने त्याला हात हलवले.

“आपण भाषा शिकवता की बिघडवता, पूर्णिमा?” बाईंनी विचारलं.

इंग्रजी आहे म्हणून खपवता आलं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, हे धायरीचं मराठी आहे, हा खेळ मुलांनी शोधलाय, आणि शंभू बोलतोय तो या खेळामुळेच.

बाई काही बोलणार, तोच शंभू उठून त्यांच्यासमोर उभा राहिला.

“म्याडम हाय का?”

उत्तर आलं नाही तर बाय करायचं, हा मुलांचा नियम. मागच्या रांगेत बाय करायला दोनतीन हात वर झालेसुद्धा. बाईंनी त्या हातांकडे पाहिलं, मग शंभूकडे. आता आपल्यालाच बाय होणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी सावकाश हात वर केला.

“हाय,” त्या म्हणाल्या.

जाताना दारात थांबून मला कोरडेपणाने म्हणाल्या, “सोमवारपासून हजेरी त्यालाच घेऊ द्या. तुमच्यापेक्षा बरी घेतो.”