ऐंशी अंशांवरचा भोंगा

चिंचणीच्या मच्छीमार सोसायटीत शीतगृहाचा नवा प्रोग्राम सुरू करायचा तो नारळ फोडूनच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. होडी पाण्यात ढकलताना फोडतात, मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलंय? प्रोग्राम लिहिणाऱ्या बोईसरच्या अनुजने बटण दाबलं, अध्यक्ष वामनकाकांनी नारळ उचलला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘तापमानाची मर्यादा भरलेली नाही. प्रोग्राम सुरू होणार नाही.’

प्रोग्रामचं काही चुकत नव्हतं. आधी सेटिंगची फाइल वाचायची, एखादी ओळ कमी असली तर अडून बसायचं, हे त्याला अनुजनेच शिकवलं होतं. किती अंशांवर भोंगा वाजवायचा, एवढं विचारलं की काम झालं असतं. पण पाहुणा म्हणून फेटा बांधून बसलेल्या माणसाने भर मुहूर्तावर ते विचारायचं, म्हणजे नवऱ्याने बोहल्यावर उभं राहून नवरीचं नाव विचारण्यासारखं. वामनकाकांचा हात नारळासकट वर लटकलेला. अनुजने ती तपासणीच बंद करून टाकली. हिरवा दिवा लागला, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. ओळ संध्याकाळी भरू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी सत्काराचं जेवण होतं. पापलेट उत्तम होतं. ओळ राहिली.

ओळ नसली की प्रोग्राम पदरचा आकडा वापरतो. आणि हा प्रोग्राम मुळात अनुजने एका कारखान्याच्या बॉयलरसाठी लिहिला होता. पदरचा आकडा होता ऐंशी. म्हणजे मासळी वितळून, नासून, शिजून रश्शाला आली की मग भोंगा वाजणार होता.

पुढे एका दुपारी वीज गेली, आली, पण कॉम्प्रेसर काही उठला नाही. शीतगृहाची किल्ली सांभाळणारी रत्नाबाई भोंग्याच्या भरवशावर पुतणीच्या हळदीला गेली होती. परतली तेव्हा वास रस्त्यापर्यंत आला होता. बायकांनी साठवलेली सगळी सुरमई खड्ड्यात पुरावी लागली.

सोसायटीच्या कचेरीत, त्याच कॉम्प्युटरपाशी सभा भरली. अनुजला खुर्ची दिली होती, रत्नाबाई उभी होती.

“दार उघडं टाकून गेलीस,” वामनकाका म्हणाले.

“दार मी लावलंय. भोंगाच नाय वाजला.”

“मशीन खोटं बोलेल काय? किल्ली ठेव.”

रत्नाबाईने पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. अनुजचे कान तापले. इतका वेळ तो मोबाइलमध्ये काहीच नसलेलं वाचत होता.

“चूक माझी आहे,” तो उठून म्हणाला. “व्हॅलिडेशन डिसेबल होतं, त्यामुळे डिफॉल्ट व्हॅल्यू लोड झाली.”

वामनकाकांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. “बघा! बाईमाणसाची लाज राखाया पोरगा आपल्या अंगावर घेतो हाय. याला म्हणतात संस्कार!”

कुणीतरी टाळी वाजवली. अनुजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाला कळू नये असेच शब्द आपण निवडले, हे त्याला आता कळलं.

तेवढ्यात चहा आला. त्याने कॉम्प्युटर सगळ्यांकडे फिरवला, पिशवीतून तापमान मोजायची वायर काढून जोडली आणि वाफाळत्या कपात बुडवली. पडद्यावर आलं : ‘अडुसष्ट अंश. सर्व ठीक.’

रत्नाबाई पुढे आली. “म्हंजे मासळीचा चा झाला असता तरी हा ठीकच बोलला असता?”

“हो, काकी.”

“आन तुला ठावं होतं?”

“नारळ फुटायच्या आधीपासून.”

वामनकाकांनी किल्ली टेबलावरून पुढे सरकवली. रत्नाबाईने हात लावला नाही. “टेबलावर कशाला? घेतली तशी हातात द्या.”

त्यांनी उठून हातात दिली.

आता शिव्या पडतील म्हणून अनुज मान खाली घालून उभा राहिला. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. रत्नाबाईने गाठ मारली, कपाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाली, “चा निवतो हाय. पी.”

वायर काढून त्याने कप तोंडाला लावला. चहाला रबराचा वास होता. सगळी सभा बघत होती, म्हणून त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.