तपासायचं राहिलेलं पोर्ट

जळगाव जामोदच्या एका खाजगी दवाखान्यात निवृत्ती संगणकांचं काम बघायचा. दवाखान्याचा सगळा कारभार एका मोठ्या सर्व्हरवर चाले. त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशिनी होत्या, आणि प्रत्येकीला वाटे की आपण वेगळा संगणक आहोत. सगळ्यांत जुनी प्रयोगशाळेची. रक्त तपासणारं यंत्र तिच्याशीच बोलायचं, कारण त्याला संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, दहा वर्षांपूर्वीचा होता आणि कंपनीने नंतर नवा काढलाच नव्हता.

मार्चमधल्या एका रविवारी निवृत्तीने सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला. क्रम त्याला पाठ होता. आधी आतल्या मशिनींचे ड्रायव्हर बघायचे, मग खालचा सर्व्हर बदलायचा, मग जोडलेलं एकेक उपकरण खरोखर चालवून पाहायचं. खालचं बदललं की आतल्या मशिनीला दिसणारी पोर्टं, म्हणजे उपकरणं जोडायच्या जागाही, बदलतात, आणि जुना ड्रायव्हर त्यांना ओळखेलच असं नसतं. तीन मशिनींचं त्याने सगळं केलं. चौथी सुरू झाली, पडद्यावर तारीख-वेळ बरोबर दिसली. रक्ताचं यंत्र चालवायला प्रयोगशाळा उघडी हवी होती, पण किल्ली तिथे रक्त तपासणाऱ्या कोकिळाबाईंकडे आणि त्या चिखलीला गेलेल्या. सकाळी आल्या आल्या बघू, म्हणून तो घरी गेला.

सोमवारी बहिणीला गाडीत बसवायला त्याला नांदुऱ्याला जावं लागलं. गाडी उशिरा आली. साडेदहाला कोकिळाबाईंचा फोन आला, रिपोर्ट पडद्यावर येत नाहीत म्हणून. निवृत्ती तसाच मोटारसायकलवर निघाला. पोचला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

यंत्र रक्त तपासत होतं, पण आकडे कुठे पोचत नव्हते. नव्या सर्व्हरने पोर्ट वेगळ्याच प्रकारचं दिलं होतं. हे सापडायला दीड तास गेला. दुरुस्ती दहा मिनिटांची. मग अडकलेले रिपोर्ट एकामागून एक उतरले. तिसरं नाव तानाबाईचं होतं.

तानाबाई त्याच्याच गावची, मोतीराम काकांची बायको. नवरा-बायको भाजीचा मळा करत. तीन दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी गळून गेली म्हणून काकांनी तिला सकाळी नऊला आणलं होतं. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलेलं. निवृत्ती कागद घेऊन वॉर्डात धावला. नर्सने नुकतीच तिच्या तोंडावर चादर ओढली होती.

आकडा कळल्याशिवाय शिरेतून पोटॅशियम देणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर थांबले होते. आणि आता येईल, मग येईल करत कोकिळाबाईंनी रक्त बाहेर तपासायला पाठवलं नव्हतं. संध्याकाळी निवृत्तीने डॉक्टरांना विचारलं.

"वाचली असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," ते म्हणाले. "नसती वाचली, असंही नाही."

वहीत 'यंत्र बंद होते' एवढीच नोंद झाली. निवृत्तीला कोणी बोल लावला नाही.

तेराव्याला मोतीराम काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की तिचा टाइम आला होता, दवाखान्यातल्यांनी जिवाचं रान केलं. निवृत्तीलाही त्यांनी जवळ बसवलं. हा पोरगा कागद घेऊन कसा पळत आला, ते लोकांना सांगितलं.

आठवडाभर त्याने कळ काढली. मग एका सकाळी तो मळ्यात गेला. काका एकटेच वांगी तोडत होते. त्याने रविवारपासूनचं सगळं सांगितलं. किल्लीचं, नांदुऱ्याचं, दीड तासाचं. काकांना पोर्ट कळलं नाही, ड्रायव्हर कळला नाही. पण तपासायचं होतं आणि तपासलं नाही, हे कळलं.

"तुले ठाऊक होतं, तपासा लागते म्हणून?"

"हो, काका."

काकांनी हातातलं वांगं टोपलीत ठेवलं.

"मंग मले काऊन सांगतलं बापू? मी समजून राह्यलो होतो, का देवानं नेली. निजत तरी होतो." त्यांनी टोपली उचलली. "आता तुह्यं वझं हलकं झालं असंन. जाय घरी."

निवृत्ती बांधावरून परत आला. हलकं काहीच झालं नव्हतं.

पुढे त्याने नियम केला. सर्व्हरला हात लावण्याआधी प्रयोगशाळेचा माणूस हजर, आणि यंत्राचा रिपोर्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय, मागे फिरता यावं म्हणून ठेवलेली सर्व्हरची जुनी प्रत पुसायची नाही. तो नियम कधी मोडला नाही. मोतीराम काका मात्र बाजारात तो दिसला की भाजीवर पाणी शिंपडायला खाली वाकत, आणि तो पुढे जाईपर्यंत वाकलेलेच राहत.